सेट कुणाच्या हाताशी?

गाडीत वायरलेस सेट कुठे लावायचा, या एका प्रश्नावर गेल्या दोन महिन्यांत आमच्या जीपवाल्यांच्या टोळक्यात जेवढी भांडणं झाली, तेवढी टायर कुठले घ्यायचे यावरसुद्धा झाली नव्हती. आणि टायरवरून आमच्यात दोन माणसं आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हती, यावरून काय ते समजा. :-)

तर मंडळी, या वीकेंडचा विषय हाच. वाचणार्‍यांपैकी बहुतेकांकडे जीपही नसेल आणि सेटही नसेल, तरी वाचा. माझं मत आधीच सांगून टाकतो: सेट ड्रायव्हरसाठी लावायचा नसतो. तो डावीकडे बसलेल्या माणसासाठी लावायचा असतो. ड्रायव्हरला फक्त ऐकू आलं पाहिजे. एवढं एकदा मान्य केलं की जागेचा प्रश्न अर्धा सुटतो, आणि आमच्यातल्या बहुतेकांना नेमकं तेच मान्य नाही.

पण मुळात मोबाइलच्या जमान्यात सेट हवा कशाला? हा प्रश्न पुण्याच्या ऑफिसात मला दर सोमवारी विचारला जातो. त्यांना मी म्हणतो, एकदा किनवटहून माहूरकडे सागाच्या जंगलातून चला, किंवा सहस्रकुंडाच्या बाजूला आतल्या रस्त्यानं उतरा, आणि फोनच्या काड्या बघत रहा. एक टेकडी आडवी आली की काडी गेली. पुढची गाडी ओढ्यातून पार झाली का, मागची चिखलात बसली का, हे कळायला थांबून हॉर्न वाजवत बसावं लागतं. आपल्याकडची काळी माती पावसात कशी असते ते मराठवाड्याबाहेरच्यांना सांगून कळत नाही. टायर टायर राहत नाही, लाडू होतो. अशा पांदण रस्त्यावर पाच गाड्या एकामागं एक घातल्या आणि पहिलीवाल्याला शेवटचीचा पत्ता नसला, की मजा संपते.

हे झालं हौसेचं. दुसरं कारण हौसेचं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्या नांदेड जिल्ह्यात, मुखेड तालुक्यात, रात्रीतून पाणी आलं. हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली या गावांत शिरलं. एसडीआरएफ लागली, छत्रपती संभाजीनगरहून लष्कराची तुकडी बोलवावी लागली. माझी आत्या त्याच तालुक्यात राहते. तिचं गाव थोडं उंचावर, म्हणून वाचलं, पण ते आम्हाला कळायला दुसरा दिवस दुपार झाली. फोन लागत नव्हता. घरात सगळे नुसते फोनकडे बघत बसलेले. वडील दर पंधरा मिनिटांनी "आता लाव" म्हणायचे, मी लावायचो. त्याआधी २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोलीकडचा ४.५ रिश्टरचा धक्का नांदेडला बसला, तेव्हा गल्लीतले सगळे बाहेर आले आणि सगळ्यांनी एकदम फोन कानाला लावले. मग काय, कुणाचाच लागेना. सर्व्हरवर एकदम लोड आला की काय होतं ते आम्हा आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आणि लातूर-नांदेडच्या घरात भूकंप म्हटलं की बोलणं आपोआप ३० सप्टेंबर १९९३ वर जातं. गणपती आदल्या दिवशीच बुडवलेले, लोक दमून झोपलेले, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण आमच्याकडे वरच्या फळीवरचं भांडं पडलं तरी आई अजून आधी छताकडं बघते. त्या दिवसांत मदतीला बाहेरून आलेल्यांमध्ये हॅम रेडिओवालेही होते. आपला सेट, आपली अँटेना, आपली बॅटरी घेऊन आलेली हौशी माणसं. हे मला इंजिनिअरिंगच्या तिसर्‍या वर्षाला कळलं आणि तेव्हापासून हे खूळ डोक्यात आहे.

कायद्याचं थोडक्यात उरकतो. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणारे कमी ताकदीचे वॉकी-टॉकी २०१८ च्या नियमांप्रमाणे विनापरवाना वापरता येतात. बाकी कुठलाही सेट ऑनलाइन स्वस्तात दिसला म्हणून मागवला तर तो बेकायदा असू शकतो. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं अशा ऑनलाइन विक्रीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या त्या याचसाठी. गाडीत पक्का बसवायचा जोरदार सेट हवा असेल तर सरळ रस्ता म्हणजे हॅमची परीक्षा. थोडी रेडिओ थिअरी, थोडे नियम. इंजिनिअरिंगची डिग्री असलेल्यानं घाबरावं असं त्यात काही नाही, आणि नसलेल्यानंही नाही. परवाना आला की १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर बोलता येतं. परवान्यातल्या ताकदीच्या आणि गाडीतून वापरण्याच्या अटी मात्र नीट वाचून घ्या. मी घेतलाय परवाना. माझ्या धाकट्या बहिणीनंही घेतलाय, आणि तिचा संबंध पुढे येणार आहे.

आता जागा.

आमच्याकडे आयटीत कुठलंही काम सुरू करताना पहिला प्रश्न असतो, युझर कोण? (निदान असायला हवा. प्रत्यक्षात पहिला प्रश्न असतो, डेडलाइन काय?) गाडीतल्या सेटचा युझर कोण, हे आमच्यातल्या कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की गाडी ज्याची, सेट त्याचा. म्हणून प्रत्येकाला सेट स्टिअरिंगच्या जवळ हवा. एकाला तर आरशाच्या वर, विमानाच्या कॉकपिटसारखा. फोटो झकास येतो हे मान्य.

पण सेट लागतो कधी, ते बघा. उतार आहे, चिखल आहे, गाडी लो रेंजमध्ये आहे, एक हात स्टिअरिंगवर, दुसरा गिअरवर, डोळे पुढच्या दगडावर. नेमकं त्याच वेळी मागच्या गाडीला सांगायचं असतं की डावीकडून येऊ नको, खड्डा आहे. तिसरा हात कुठून आणणार? रस्त्यावर असाल तर कायदाही आडवा येतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला जो बदल झाला, त्यात कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात धरायचं संपर्काचं साधन वापरणं हे धोकादायक चालवणं म्हणून स्पष्ट लिहिलंय. माइक हातातच धरावा लागतो. वकील लोक यावर वाद घालतील, मी घालणार नाही. ज्या माणसाला पुढचा दगड चुकवायचाय त्यानं बोलू नये, एवढं मला पुरेसं आहे.

पोलिसांची गाडी आठवा. त्यांच्या गाडीत बिनतारी संचावर बोलतं कोण? डावीकडे बसलेले साहेब. चालवणारा शिपाई चालवतो. रॅलीच्या गाडीतही बोलणारा, वाचणारा, सांगणारा माणूस डावीकडेच असतो. ज्यांना हे काम रोज करावं लागतं त्यांनी ते केव्हाच ठरवून टाकलंय. आम्ही हौशी लोकच ड्रायव्हरच्या सीटला राजाचं सिंहासन समजतो.

माझी गाडी म्हणजे जुनी जिप्सी, कापडी छताची. मारुतीनं ती बनवणं बंद केलं त्यालाही आता काही वर्षं झाली, तेव्हा ही सेकंडहँडच, आणि आधीच्या मालकानं तिला प्रेमानं वागवलं होतं असं म्हणवत नाही. आत जागा म्हणाल तर दोन माणसं आणि त्यांचे गुडघे. मध्ये गिअरची दांडी, तिच्या शेजारी फोर व्हीलची दांडी. डॅशबोर्ड सरळ उभा, डावीकडे धरायला दांडा. एअरबॅग नाही. म्हणजे जागा शोधायला सोपी वाटते, पण नाही.

डावीकडे माझी बहीण बसते. लातूरला नोकरी करते, शनिवारी पहाटे अहमदपूर-लोहामार्गे नांदेडला येते आणि रविवारी रात्री परत. उंची पाच फूट. हे मुद्दाम सांगतोय, कारण आमच्या गाडीतल्या सेटची जागा शेवटी तिच्या हाताच्या लांबीनं ठरली.

सेट अजून खोक्यातच होता. मी त्याच्याच मापाचं पुठ्ठ्याचं एक डबडं केलं, आत थोडी वाळू भरून वजन आणलं, आणि दुहेरी चिकटपट्टीनं एकेका जागी लावून दोन-दोन दिवस गाडी चालवली. याला आमच्यात प्रोटोटाइप म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात. भोकं पाडण्याआधी हे प्रत्येकानं करावं असं माझं ठाम मत आहे. पुठ्ठा दहा रुपयांचा, डॅशबोर्ड जुन्या बाजारातही सहज मिळत नाही.

पहिली जागा डॅशच्या वर, काचेखाली. दिसायला सगळ्यात छान, नजरेसमोर. पण मे महिन्यात नांदेडला उन्हात उभी केलेली गाडी उघडली की स्टिअरिंग फडक्यानं धरावं लागतं. त्या उन्हात काचेखाली एलसीडी ठेवली तर काळी पडते, आणि सेट आधीच बोलताना तापणारं यंत्र. शिवाय काचेत त्याचं प्रतिबिंब. ही जागा एका दुपारीच बाद.

दुसरी जागा डॅशच्या खाली, डाव्या बाजूला. बहिणीला चालली. मग आमच्यातला एक सहा फुटी मित्र बसला आणि पहिल्याच गतिरोधकावर त्याचा गुडघा डबड्यावर आपटला. पुठ्ठा होता म्हणून हसलो. तिथं लोखंडी कडांचा सेट असता आणि गाडी खरंच कुठे ठोकली असती, तर तोच गुडघा आणि तोच कोपरा. ही जागा मी कुणालाच सुचवणार नाही, जरी बाहेर अर्ध्या गाड्यांत ती दिसत असली तरी.

तिसरी, सीटच्या खाली. आजकालचे बरेच सेट दोन तुकड्यांत येतात. तोंड वेगळं, धड वेगळं, मध्ये केबल. मग धड सीटखाली ढकललं की झालं, असं सगळे सांगतात. शहरातल्या गाडीत ठीक आहे. ओढ्यात उतरणार्‍या गाडीत सीटखालची जागा म्हणजे सगळ्यात आधी भिजणारी जागा. नवी थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते, जाईलही, पण माझ्या जिप्सीच्या दारांची रबरं तेवढा विश्वास द्यायला तयार नाहीत. आणि पाणी नसलं तर धूळ. आपल्याकडची धूळ पिठासारखी आत शिरते.

चौथी, दोन सीटच्या मध्ये, दांड्यांच्या मागे. इथं मला आमचे इलेक्ट्रिशियन चाचा आडवे आले. नांदेडात गाडीची वायरिंग करण्यात त्यांची हयात गेली. मी डबडं तिथं ठेवून दाखवलं. त्यांनी एकदा बघितलं, रिव्हर्स टाकून दाखवला, कोपर नेमकं डबड्यावर. मग म्हणाले, "इदर लगाए तो कोनी खाती, नीचे लगाए तो लात खाती. उप्पर सोचो बाबा." पुण्यात एका ॲक्सेसरीच्या दुकानात याच कामासाठी गेलो होतो, तिथल्या माणसानं गाडी नीट न बघताच डॅशला भोक पाडायला ड्रिल काढलं होतं आणि करंट सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेऊ म्हणाला होता. मी गाडी वळवून आणली. ५० वॅटचा सेट पूर्ण ताकदीवर बोलताना दहा-बारा अँपिअर सहज ओढतो. आपण परवान्याप्रमाणे ताकद कमी ठेवली तरी वायर जाडच हवी, थेट बॅटरीपासून हवी, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. फ्यूज सेटच्या टोकाला असेल तर मधली सगळी वायर उघड्यावरच आहे असं समजायचं. ती कुठे पत्र्यावर घासली गेली की आगच. चाचांनी हे न सांगता केलं, बोनेटमधून येणार्‍या भोकाला रबरी बुशसुद्धा लावलं.

"उप्पर सोचो" वरून शेवटी जे ठरलं ते असं. धड गेलं डाव्या सीटच्या मागे, चाकाच्या वरच्या कमानीवर, एका प्लायच्या तुकड्यावर. ओढ्याच्या पाण्यापेक्षा उंच, सावलीत, हवा खेळती. तोंड डॅशच्या मधोमध, पण वरच्या कडेच्या आत, म्हणजे ऊन थेट येत नाही, आणि डावीकडे तिरकं वळवलेलं. माइकचा हुक डाव्या दांड्याच्या शेजारी. एक जादा स्पीकर ड्रायव्हरच्या डोक्यामागे रोलबारवर. कापडी छत फडफडत असताना सेटचा स्वतःचा स्पीकर ऐकू येत नाही, त्यामुळे हा पाहिजेच.

आणि चाचणी एकच. पट्टा लावायचा, मग हात लांब करायचा. पार्किंगमध्ये उभ्या गाडीत, पट्टा न लावता, पुढे वाकून सगळ्यांचाच हात सगळीकडे पोचतो. आमच्या चौथ्या का पाचव्या फेरीत बहिणीनं शांतपणे पट्टा लावला आणि म्हणाली, "दादा, आता बघ." बोटं बटणापासून चार इंच लांब. मग तोंड चार इंच डावीकडे सरकलं. त्या चार इंचांमुळे मला आता चॅनेलचा आकडा नीट दिसत नाही. पाहिजे कशाला?

अँटेनाबद्दल दोन शब्द, खरं तर तीच आधी ठरवायची असते आणि सेट नंतर. या बँडवर लाटेची लांबी दोन मीटर, म्हणून पाव लाटेची काडी साधारण ५० सेंटीमीटर. तिला खाली पत्रा लागतो, जसा काडीला आरसा. लोखंडी टपाची गाडी असेल तर टपाचा मध्यबिंदू, दुसरा विचार नको. माझं छत कापडी, म्हणून काडी बोनेटच्या कडेला क्लॅम्पवर. रोलबारवर जास्त उंची मिळाली असती आणि सेटही तिथून जवळ पडला असता, पण खाली पत्रा नाही, आणि आपल्या पांदण रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी बाभळी वाकलेल्या असतात. एकानं सव्वा मीटरची लांब काडी टपावर लावली होती, ती लोह्याजवळच्या बाभळीला अजून लटकत असेल. बोनेटवर लावली म्हणून केबल लांब पडते. साध्या बारीक केबलमध्ये पाच मीटरला जवळजवळ पाचवा हिस्सा ताकद वाटेतच गरम होऊन जाते. मी ते मान्य केलं, थोडी जाड केबल घेतली, आणि सोडून दिलं.

ताकदीपेक्षा उंचीचा हिशेब करा. अँटेनाच्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा, ४.१ ने गुणा, तेवढ्या किलोमीटरवर रेडिओचं क्षितिज. दोन मीटर उंचीवर साधारण ५.८ किलोमीटर. दोन्ही गाड्यांचं मिळून साडेअकरा, तेही सपाटीवर, म्हणजे कंधार-लोह्याकडे. किनवटच्या डोंगरात दोन वळणांपलीकडे कुणी कुणाचं नाही. पण आजूबाजूपेक्षा दोनशे मीटर उंच टेकडीवर उभे राहिलात, तर तेच क्षितिज ५८ किलोमीटरवर जातं. वॅट दुप्पट करून हे कधीच मिळत नाही.

यावरूनच माझा दुसरा हट्ट. सेट गाडीतून दोन मिनिटांत निघाला पाहिजे. टेकडीवर गाडी जाईलच असं नाही, माणूस जातो. आमच्या प्लायच्या तुकड्याला खाली दोन हातानं फिरवायचे नट आहेत. करंटला ओढला की सुटणारा कनेक्टर, अँटेनेची पिन, तोंडाची केबल. सगळं काढून पिशवीत टाकायला बहिणीला एक मिनिट पन्नास सेकंद लागतात, आम्ही मोजलेत. पिशवीत एक छोटी बारा व्होल्टची लिथियम बॅटरी आणि चुंबकाच्या बुडाची जादा काडी. खाली पत्रा म्हणून गावात कुठंही मिळणारं लोखंडी घमेलं उलटं ठेवायचं, त्यावर काडी. हसू नका, चालतं. विष्णुपुरीच्या बाजूला एका चढावरून बहीण घमेल्यावर आणि मी घरच्या गच्चीवर, स्वच्छ बोललो.

डिसेंबर २००४ मध्ये दिल्लीहून भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम रेडिओच्या हौसेखातर पोर्ट ब्लेअरला गेले होते. जगभरच्या हौशींशी अंदमानमधून बोलायचं, एवढाच कार्यक्रम. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्याच सेटवरून लोकांचे निरोप जायला लागले. त्यांचं सामान उचलून नेता येण्यासारखं होतं, कारण ते तसंच बांधून आणलेलं होतं. गाडीच्या डॅशमध्ये कापून, रंग जुळवून, कायमचा बसवलेला सेट दिसायला कितीही सुरेख असो, ज्या दिवशी गाडी पुलाच्या अलीकडे अडकेल आणि पलीकडच्या शाळेत लोक असतील, त्या दिवशी तो अलीकडेच राहील.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर आत्या वाचून रागवायची. पूर आला की जीप काढून पाण्यात घुसायचं, असं मी म्हणत नाहीये. ते काम ज्यांचं त्यांना करू द्यावं, आपण मध्ये गेलो तर त्यांना आणखी एक गाडी ओढून काढावी लागते. मी बोलतोय ते निरोपाबद्दल. "उंचावरच्या वाडीत सगळे ठीक आहेत, पाणी खालच्या गल्लीपर्यंतच आलं" एवढं एक वाक्य त्या सकाळी मुखेडच्या वाटेवरच्या कुणी नांदेडला पोचवलं असतं, तर आमच्या घरात वडिलांची बीपीची गोळी दुपारपर्यंत विसरली गेली नसती.

माझ्या विरोधातलं सगळ्यात वजनदार मत असं, की डावीकडे रोज कोण बसतं? बहुतेक वेळा तर माणूस एकटाच असतो. खरं आहे. मीही आठवड्यातले पाच दिवस एकटाच. पण एकटा असताना मला ऐकू सगळं येतं, आणि बोलायचं झालं तर गाडी बाजूला घेऊन, पट्टा काढून बोलतो. त्यात एक मिनिट जातं. एकट्यासाठी जागा ठरवली तर दोघांची गैरसोय कायमची, आणि अडचणीची वेळ असते तेव्हा गाडीत बहुधा कुणीतरी असतंच. कधी कधी तर ड्रायव्हरच दोरी बांधायला बाहेर उतरलेला असतो. तेव्हा आत बसलेल्याला सेट चालू कुठून होतो हेसुद्धा माहीत नसेल, तर तो सेट शोभेचा.

थारवाला मित्र म्हणाला, माझ्याकडे डावीकडे एअरबॅग आहे, तुझं गणित मला लागू नाही. बरोबर आहे. २०१९ नंतर आधी ड्रायव्हरला आणि मग शेजारच्यालाही एअरबॅग सक्तीची झाली, त्यामुळे नव्या गाड्यांत डाव्या डॅशवर, एअरबॅगच्या झाकणाच्या वाटेत, काहीही चिकटवायचं नाही. गणपतीची मूर्तीसुद्धा नाही, खरं तर. फुगा उघडला की समोरची वस्तू गोळीसारखी येते. त्याच्या गाडीत आम्ही तोंड मधल्या कन्सोलच्या डाव्या भिंतीला लावलं, गुडघ्याच्या खालच्या पातळीला आणि मागे सरकवून. त्याच्या बायकोनं पट्टा लावून हात लांब केला. पोचला. तिची परीक्षा मात्र अजून व्हायची आहे, तोवर त्यांच्याकडे विनापरवान्याचे दोन छोटे वॉकी-टॉकी, आणि मोठा सेट फक्त ऐकायला.

खर्चाचा क्रमही यातूनच ठरतो असं मला वाटतं. आमच्यात लोक सेटवर वीस-पंचवीस हजार घालतात आणि परवाना एकाच माणसाकडे, जो गाडी चालवत असतो. हॅमच्या सेटवर परवानेवाल्यानंच बोलायचं असतं. म्हणजे चालत्या गाडीत तो सेट जवळपास मुकाच. त्यापेक्षा स्वस्तातला सेट घ्या आणि उरलेल्या पैशांत डावीकडच्या माणसाला परीक्षेला बसवा. बहिणीनं नोकरी सांभाळून, एसटीत येता-जाता अभ्यास केला. पास झाली त्या दिवशी मला फोन करून म्हणाली, "आता सेट माझ्या बाजूला." मी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

आता एवढंच राहिलंय की माइकच्या हुकाचा स्क्रू दर दोनशे किलोमीटरला सैल होतो. चाचा म्हणतात स्प्रिंग वॉशर घाल, मी म्हणतो नायलॉनवाला नट. येत्या शनिवारी दोन्ही घेऊन जातो त्यांच्याकडे.